रणगाडा पोशेऱ्याला येईल का?

मी मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्याचा. 1983 साली सैन्यात भरती झालो आणि 24 वर्षांची नोकरी करून 2007 साली हवालदार म्हणून घरी परतलो. लढाईच्या गोष्टी ऐकायला मिळतील या आशेनं गावातली पोरं माझ्याकडे येतात आणि थोडी हिरमुसून जातात. कारण मी काही तोफ डागणारा नव्हे. बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायच्या, दुरुस्त करायच्या, अवजड गाड्या ट्रेलरवर चढवायच्या आणि घाटातून, वाळवंटातून सुखरूप पोचवायच्या, हे माझं काम. सैन्यात ईएमई नावाचं दल आहे, यंत्रांची आणि गाड्यांची देखभाल करणारं. त्या दलात माझी नोकरी झाली.

एका 26 जानेवारीला टीव्हीवर दिल्लीचं संचलन चाललं होतं. रणगाडे दिसले आणि सातवीतल्या नातवानं विचारलं, "आजा, हा रणगाडा आपल्या पोशेऱ्याला येईल का?" घरातली मंडळी हसली. मला मात्र प्रश्न आवडला. आमच्या खात्यात कुठलीही हालचाल करण्यापूर्वी साहेब हेच विचारायचे : तिथे पोचेल का, आणि पोचला तर कोणाला धक्का न लावता पोचेल का? मी नातवाला म्हटलं, वही आण, आपण हिशेब करू. तो हिशेब आज तुमच्यापुढे मांडतो.

पहिली गोष्ट, रणगाडा मिळायचा कुठे? आपल्या महाराष्ट्रात रणगाड्यांचं माहेरघर म्हणजे नगर, 2024 पासूनचं अहिल्यानगर. चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र तिथे आहे आणि 1994 साली सुरू झालेलं रणगाड्यांचं संग्रहालयही तिथेच आहे. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी मुलांना घेऊन जरूर जावं. तोफखान्याचं मोठं विद्यालय आपल्याला जवळ, नाशिकजवळच्या देवळालीला. 9 नोव्हेंबर 2018 रोजी के-9 वज्र ही स्वतःच्या पट्ट्यांवर चालणारी तोफ देवळालीतच सैन्यात रीतसर दाखल झाली. तिचं वजन 47 टनांच्या आसपास. आपण नातवासाठी टी-72 रणगाडा धरू. तो 41 टनांचा.

आता पोरांना वाटतं, रणगाडा म्हणजे डोंगर चढणारी वस्तू, मग नगरहून सरळ चालवत का आणू नये? आणता येईल, पण परवडणार नाही. हा रणगाडा किलोमीटरमागे दोन-अडीच लिटर डिझेल पितो. ते एक वेळ सोडा. त्याचे लोखंडी पट्टे, त्यांच्या खिळ्या, रबर, आतलं इंजिन, हे सगळं मोजक्या तासांचं आणि मोजक्या किलोमीटरचं असतं. लढाईच्या दिवशी लागणारं आयुष्य डांबरी रस्त्यावर कोण घालवेल? शिवाय रस्त्याचंही नुकसान. गंमत अशी की मऊ शेतात रणगाडा ट्रकपेक्षा कमी रुततो. कारण त्याचं वजन लांब-रुंद पट्ट्यांवर पसरतं आणि जमिनीवर एका चौरस सेंटिमीटरला एक किलोपेक्षाही कमी भार येतो. ट्रकच्या टायरखाली तोच भार कितीतरी पट जास्त असतो. पण तोच रणगाडा डांबरावर वळला की पट्टा रस्ता सोलून काढतो.

म्हणून रीत अशी : लांबचा पल्ला रेल्वेच्या खास वाघिणीवरून, स्टेशनपासून पुढे मोठ्या ट्रेलरवरून, आणि शेवटचा टप्पा तेवढा स्वतःच्या पट्ट्यांवर. आमच्या हिशेबात नगर, मनमाड, नाशिक रोड हा प्रवास रेल्वेनं. नाशिक रोडला उतरवून ट्रेलरवर चढवायचा. पुढे त्र्यंबकेश्वर, तोरंगणचा घाट, मोखाडा आणि पोशेरा.

ट्रेलर निघण्याआधी एक लहान जीप निघते. तिच्यात एक अनुभवी माणूस, एक वही, एक मोजपट्टी आणि एक लांब काठी. याला आम्ही रस्त्याची पाहणी म्हणायचो. काठी कशाला? रस्त्यावर लोंबणाऱ्या तारा मोजायला. तारेला काठी लावायची नाही हं, खाली दूर उभं राहून अंदाज घ्यायचा आणि शंका आली तर वीजमंडळाच्या माणसाला बोलवायचं. ट्रेलरच्या फळीची उंची मीटरभर, तिच्यावर रणगाडा सव्वादोन मीटर, त्यावर मशीनगनचा खांब. नियमाप्रमाणे टांगलेली तार याच्या बरीच वर असते. पण खांब कललेला असला की नियमही कलतो.

मग रुंदी. आपल्याकडे साध्या वाहनाला 2.6 मीटर रुंदीची मर्यादा आहे. टी-72 बाजूच्या पत्र्यांसकट जवळजवळ 3.6 मीटर. दोन पदरी रस्ता सात मीटरचा. समोरून एसटी आली तर 3.6 आणि 2.6 मिळून 6.2 मीटर रस्ता भरला. उरलं काय, 80 सेंटिमीटर. तेही सरळ रस्त्यावर. वळणावर लांब ट्रेलरची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, ती आतल्या बाजूनं कापत जातात. बैलगाडीला लांब वासा बांधून वळवलेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सांगायला नको. म्हणून घाटात ट्रेलर असताना समोरची वाहतूक आधीच थांबवून धरावी लागते. शिट्टी आणि झेंडी घेतलेला माणूस वळणाच्या पुढे उभा राहतो तो यासाठी.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो पूल आणि मोऱ्या पाहण्यात. रणगाडा 41 टन, त्यात ओढणारी गाडी आणि ट्रेलर धरला की बोजा साठ-सत्तर टनांच्या घरात जातो. दहा चाकी साध्या ट्रकला भरलेल्या मालासकट साडेअठ्ठावीस टनांची परवानगी आहे. मोठ्यात मोठ्या जोडट्रकला 2018 साली वाढवून दिलेली मर्यादासुद्धा 55 टन. मग पूल हे सोसतात कसे? इथे एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. आपल्या देशात महामार्गाचे पूल बांधताना इंजिनिअर लोक जे वजन गृहीत धरतात, त्यात 70 टनांची पट्ट्यांवर चालणारी गाडी असते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमांत या भाराचं नावच '70 आर'. म्हणजे तुम्ही-आम्ही ज्या पुलावरून भाजीचा टेम्पो नेतो, तो कागदावर आधीच एक रणगाडा पेलून बसलेला असतो. अडचण येते ती आडरस्त्यांवरच्या जुन्या दगडी मोऱ्यांची आणि पावसानं खालून पोखरलेल्या भरावाची. मोरीखाली उतरून दगड हलतो का, पाणी कुठून वाहतं हे बघावं लागतं. वरून डांबर छान असतं आणि खाली काही नसतं.

या पाहणीची आपल्या सैन्यातली सर्वांत मोठी गोष्ट 1948 सालची आहे. झोजिला खिंडीत शत्रू वर बसला होता आणि पायदळ पुढे सरकत नव्हतं. जनरल थिमय्यांनी ठरवलं, तिथे रणगाडे न्यायचे. सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट जातीचे हलके रणगाडे जम्मूच्या बाजूनं श्रीनगरकडे निघाले. त्यांचे टरेट, म्हणजे वरचे फिरते बुरूज, काढून वेगळे नेले. त्यामुळे वजन घटलं आणि झाकून नेल्यावर ओळखही लपली. वाटेतल्या कच्च्या पुलांना आधार द्यावा लागला. बालतालपासून वरचा खेचरांचा रस्ता मद्रास सॅपर्सच्या जवानांनी रुंद केला. 1 नोव्हेंबर 1948 रोजी एवढ्या उंचीवर रणगाडे पाहून समोरच्यांची फळी फुटली. इतिहासात रणगाडे चालवणाऱ्यांची नावं येतात आणि ती यावीतच. पण त्या पुलांखाली टेकू लावणारे हातही मला नेहमी आठवतात.

आता मुख्य भाग, बांधण्याचा. नातवाला मी विचारलं, 41 टनांची वस्तू आहे, ती जागची हलणार कशी, मग बांधायची कशाला? तो म्हणाला, "जड आहे म्हणजे हलणार नाही." बहुतेक मोठी माणसंही हेच म्हणतात. पण ब्रेक लागतो तो ट्रेलरच्या चाकांना, रणगाड्याला नव्हे. रणगाडा आपल्या वेगानं पुढे जाऊ पाहतो. त्याला धरून ठेवतं ते फक्त पट्टा आणि फळी यांच्यातलं घर्षण. लोखंडावर लोखंड, त्यात पाणी आणि तेल असलं तर हे घर्षण वजनाच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतकं, म्हणजे चार टन. जोरात ब्रेक लागला तर वजनाच्या आठ दशांश इतका जोर पुढे आणि निम्मा जोर बाजूंना व मागे येतो, असं धरून बांधावं, हा युरोपातल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या नियमांचा आधार. 41 टनांचे आठ दशांश म्हणजे जवळजवळ 33 टन. त्यातले चार घर्षणानं धरले, उरलेले 29 टन कोण धरणार? साखळ्या आणि पुढचे ठोकळे.

म्हणून फळीवर लाकडं किंवा रबर असतं. कोरड्या रबरावर घर्षण तिप्पट-चौपट होतं आणि साखळ्यांचं काम हलकं होतं. तेरा मिलिमीटर जाडीची चांगल्या पोलादाची साखळी दहा टनांचा ताण घेते, पण तो सरळ रेषेत ओढली तर. तिरकी बांधली की तिचं थोडंच बळ कामी येतं. मागच्या साखळ्या पुढे जाण्यापासून रोखतात, पुढच्या मागे जाण्यापासून, आणि फुलीसारख्या आडव्या बांधल्या की बाजूला सरकण्यापासूनही. साखळी अडकवायची ती गाडी ओढण्यासाठी दिलेल्या भक्कम कड्यांतच, पत्र्यात किंवा दांडीत कधीही नाही. दारूगोळा आधीच काढून वेगळा. टरेट आणि तोफेची नळी कुलपात. बॅटरीचा मुख्य स्विच बंद. हँडब्रेक ओढलेला. आणि आत माणूस बसवायचा नाही, कितीही पाऊस असला तरी.

चढवतानाही नियम कडक. इशारा देणारा माणूस एकच. दहा जण "येऊ दे, येऊ दे" करायला लागले की अपघात ठरलेला. इशारा देणारा समोर पण बाजूला उभा राहतो, गाडी आणि ट्रेलर यांच्या मध्ये कधीच नाही. उतरंडीच्या फळ्यांवर गाडी वळवायची नाही, वाकडी चढली तर परत खाली घेऊन सरळ करायची. वजन खुणेच्या रेषेवर यायला हवं. फार मागे राहिलं तर ओढणाऱ्या गाडीची चाकं चढावर हलकी होऊन घसरतात, फार पुढे गेलं तर तिचे आस सोसत नाहीत.

हे सगळं मला तोंडपाठ होतं. तरीही माझ्या हातून चूक झाली, ती आज सांगतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट, जागेचं आणि तुकडीचं नाव सांगत नाही. पावसाळा होता. पट्ट्यांवर चालणारी चौदा टनांची एक चिलखती गाडी ट्रेलरवरून न्यायची होती. पहाटे अंधारात चढवली. पट्ट्यांना चिखल लागला होता. तो खरवडून काढायला हवा होता, पण उशीर झाला होता. साखळ्या मी स्वतः ताणल्या, घट्ट, वाजवून पाहिल्या. नियम असा की पंधरा-वीस किलोमीटरवर थांबून प्रत्येक साखळी पुन्हा तपासायची. तिथे थांबलो तेव्हा पाऊस धो-धो कोसळत होता. मी केबिनमधून उतरलो, माझ्या बाजूची एक साखळी हलवून पाहिली, ठीक वाटली, आणि परत चढलो. दुसऱ्या बाजूला गेलोच नाही.

काय झालं होतं ते नंतर कळलं. पट्ट्याखालचा चिखल प्रवासाच्या हादऱ्यांनी दबून बाहेर निघाला होता. गाडी दोन बोटं खाली बसली होती आणि जी साखळी पहाटे तारेसारखी ताठ होती ती सैल पडली होती. घाटाच्या उतारावर एका वळणावर गुरं आडवी आली, ड्रायव्हरनं ब्रेक मारला आणि वरची गाडी हातभर बाजूला सरकली. आम्ही थांबलो. माझा जोडीदार माझ्याआधी वर चढला, सुटलेली साखळी धरायला. ट्रेलर उतारावर उभा, गाडीला ठोकळे लावलेले नाहीत, अशा वेळी वर चढायचं नसतं. मी त्याला थांबवायला हवं होतं. गाडी पुन्हा घसरली आणि त्याचा उजवा पाय पट्टा आणि ट्रेलरची कड यांच्या मध्ये सापडला. पाय घोट्यापासून काढावा लागला.

चौकशी झाली, मला ठपका मिळाला, तो योग्यच होता. जोडीदाराला नोकरी सोडून गावी जावं लागलं. त्यानं मला कधी एका शब्दानं दोष दिला नाही. दर दिवाळीला त्याचं पत्र यायचं, खाली लिहिलेलं असायचं, "साखळ्या बघत जा." त्यानंतरची उरलेली सगळी वर्षं मी प्रत्येक थांब्यावर चारही बाजूंनी फिरलो. बरोबरची पोरं वैतागायची. वैतागू दिलं.

घाट उतरण्याबद्दल दोन शब्द. 65 टनांचा बोजा तीनशे मीटर खाली उतरतो तेव्हा त्या उंचीची सगळी शक्ती कुठेतरी जिरवावी लागते. ती ब्रेकमध्ये जिरवली तर किती उष्णता होते? नातवाबरोबर गणित केलं : साडेसहाशे लिटर साधं पाणी उकळायला लागेल तेवढी. एवढी उष्णता ब्रेकच्या ड्रमात कोंडली की ब्रेक दाबला तरी धरत नाही. म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर. बोजा इंजिननं रोखायचा, ब्रेक मधून मधून. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारा माणूस लिटरभर डिझेलसाठी स्वतःचा आणि दुसऱ्याचा जीव पणाला लावतो.

सैन्याचा ताफा तुम्हाला कधी रस्त्यात भेटला, तर एवढं करा. दोन गाड्यांच्या मधलं अंतर मोकळं दिसतं म्हणून मोटरसायकल मध्ये घालू नका, ते अंतर ब्रेकसाठी सोडलेलं असतं. ट्रेलर वळत असताना त्याच्या आतल्या बाजूला थांबू नका, मागची चाकं तिथेच येणार असतात. झेंडीवाल्यानं थांबवलं तर पाच मिनिटं थांबा. आणि हो, मुलांना त्या गाड्यांची नंबरप्लेट दाखवा. तिच्यावर राज्याचं नाव नसतं, वर टोक केलेला बाण असतो आणि त्यापुढचे आकडे गाडी कोणत्या वर्षी घेतली ते सांगतात.

आता तुम्ही म्हणाल, पोशेऱ्यात आणि मोखाड्यात रणगाडे कुठे येतात? येत नाहीत. पण रस्त्याच्या कामाला रोलर येतात, जेसीबी येतात, पोकलेन येतात. शेतीला ट्रॅक्टर येतात. ट्रकवर चढवलेला दहा टनांचा रोलर मी नायलॉनच्या एका दोरीनं बांधलेला पाहिला आहे. मी थांबवून विचारलं तर क्लीनर पोरगा म्हणाला, "बाबा, जड आहे, हलत नाही." तेच उत्तर, सातवीतल्या पोराचं. मी त्याला खाली उतरवून चाकांना ठोकळे लावायला लावले आणि पुढच्या गावातून साखळी आणवली. ड्रायव्हर तासभर कुरकुरत होता.

आणि दिवाळीनंतर आमच्याकडची कुटुंबंच्या कुटुंबं कामासाठी खाली उतरतात. भिवंडीकडे, वसईकडे, वीटभट्ट्यांवर. टेम्पोत भांडी, धान्याची पोती, कोंबड्या आणि सगळ्यांच्या वर लेकुरवाळ्या बाया, पोरं. लोखंडाला निदान साखळी लावता येते. माणसाला कशानं बांधणार? मालाच्या गाडीत माणसं नेणं कायद्यानं मना आहे, हे नेणाऱ्याला ठाऊक असतं आणि बसणाऱ्यालाही. पण एसटीचं भाडं आणि मुकादमाची घाई यांच्यापुढे कोणी बोलत नाही. ज्यांच्या हातात चार पैसे आणि थोडा अधिकार आहे, त्या मुकादमांना, भट्टीमालकांना माझी विनंती आहे : सैन्य चौदा टनांच्या लोखंडासाठी रस्ता आधी पाहून येतं. तुम्ही तुमच्या माणसांसाठी निदान एक बस करा.

नातवाच्या वहीत शेवटी उत्तर लिहायचं होतं. त्यानं लिहिलं, "रणगाडा येईल. पण आधी मोरी बघावी लागेल." दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तो दिसेना म्हणून शोधायला गेलो, तर तीन मित्रांना घेऊन ओढ्यावरच्या मोरीखाली उतरला होता आणि सुताच्या दोरीनं तिची रुंदी मोजत होता. पाणी नव्हतं म्हणून रागावलो नाही. मीही खाली उतरलो. डाव्या बाजूचा एक दगड हलत होता. तो आम्ही ग्रामपंचायतीला कळवला आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)